केस सोडवले तो हिवाळा

सुरेखानं माझ्या हातातली फणी हिसकावली आणि दारातून बाहेर फेकली. फरशीवर आपटून तिचे दात मोडले. सुरेखा माझी सून. या घरात आल्यापासून तिनं माझ्यापुढं आवाज चढवला नव्हता आणि त्या सकाळीही चढवला नाही. फणी फेकून ती दारातच उभी राहिली आणि हळू म्हणाली, "आता फणी लावायची न्हाय, आई. देवीची जट हाय ती."

पाटावर माझी नात वैशू बसली होती. मान खाली, गुडघे पोटाशी. तिच्या मानेमागं सोललेल्या नारळाएवढा केसांचा गोळा झाला होता. वरचे केस उसाच्या वाळक्या पाल्यासारखे पिवळट-तांबडे, आणि गोळ्यावर शेजारच्या हौसाक्कानं भंडारा चोळलेला. भंडारा म्हणजे देवीची हळद. ती तेलाबरोबर ओघळून पोरीच्या कानामागं, गळ्यावर उतरली होती. घरात हळदीचा आणि जळक्या केसांचा वास कोंडला होता. वैशूनं तशीच खाली बघत मला विचारलं, "आज्जे, खरंच देवी आलीया व्हय गं?"

फणीचं मला काही वाटलं नाही. फणी बाजारात मिळते. पण कॉलेजात जाणारी, सगळ्यांना उलट उत्तर देणारी पोरगी मला हे विचारते आणि तिच्या आवाजात चेष्टा नाही, हे मला सोसलं नाही. मी भिंत धरून खाली बसले.

यंदा थंडी पुन्हा तशीच आली आहे. पहाटे कळंब्याच्या तळ्यावरून वारा सुटतो तो आमच्या मोरीच्या खिडकीतून थेट आत येतो. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात आणि त्यांच्या मागं पाचटाची धूळ उडते. कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोड, थोडा करपलेला वास दुपारपर्यंत रेंगाळतो. ओठ फुटतात, टाचा फुटतात, हात नुसता पातळावरून फिरवला तरी धागा ओढला जातो. गल्लीतल्या बायका सौंदत्तीच्या गाडीसाठी नावं गोळा करत फिरतात. मीही नाव देते. रेणुकेच्या डोंगराला मी लग्नाच्या आधीपासून जाते. माझा देवावर विश्वास नाही असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. देवी मला ठाऊक आहे, म्हणूनच ती कुठं राहत नाही तेही ठाऊक आहे.

हे सगळं सुरू झालं ते कॉलेजातल्या एका कार्यक्रमापासून. वैशूच्या मैत्रिणींनी केस सोनेरी करायचं ठरवलं. बाकीच्या पार्लरमध्ये गेल्या. हिला घाई आणि हौस दोन्ही जास्त. दुकानातून पावडर आणि औषध आणून तिनं घरीच गच्चीवर कारभार मांडला. वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि लवकर चढावं म्हणून उन्हात बसली. आमच्या घरात सगळ्याच काळी मेंदी लावतात, तीही लावायची. त्या मेंदीचं आणि या औषधाचं जमत नाही हे कुणाला ठाऊक होतं. मी धान्य वाळत घालायला वर गेले तर पोरीच्या डोक्यातून वाफ निघत होती. शब्दशः वाफ, चहाच्या भांड्यातून निघते तशी. मी पिशवी ओढून काढली तर आतले केस हाताला चटका बसेल इतके तापलेले.

ती ओरडत खाली पळाली आणि बंबातलं कढत पाणी डोक्यावर घेतलं. कपड्याचा साबण हाताला लागला तो लावला. औषध निघावं म्हणून खसाखसा चोळलं, उलटं वाकून पंच्यानं रगडलं, ओले केस मागं बांधले आणि रडत झोपली. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. थंडीतला ताप, अंग दुखणारा. चार-पाच दिवस डोक्याला कुणी हात लावला नाही. ती लावूही देत नव्हती. उठून बसली तेव्हा मागं तो गोळा होता.

हौसाक्का औषधपाण्याची चौकशी करायला आली आणि गोळा बघून तिनं कानाला हात लावले. तिचं म्हणणं साधं होतं. ताप आला, जट आली, आणि महिना मार्गशीर्षाचा. आणखी काय पाहिजे. तिनं घरातून भंडारा आणला, पोरीच्या डोक्याला लावला आणि सुरेखाला बजावून गेली की आता या केसांना फणी नाही, कात्री नाही. पुनवेला पोरीला डोंगरावर न्यायची आणि देवीला विचारायचं.

इथं कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्याला सांगते. आमच्याकडं केसांची जट झाली की ती देवीची खूण मानतात. मग ती पोर देवीची होते. तिचं लग्न होत नाही, ती परडी घेऊन दारोदार फिरते. आता कायदा आहे, आता तसं उघड कुणी पोर देवीला सोडत नाही. पण भीती कायद्यानं जात नाही. जट आली म्हटलं की कुणी त्या पोरीला सून करून घेत नाही, आणि घरात म्हैस आटली तरी जटेकडं बघतात.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझ्या माहेरी, वडगावजवळच्या खेड्यात, माझ्या वडिलांची धाकटी बहीण होती. तानूआत्ती. तिला मुदतीचा ताप आला आणि ती महिनाभर अंथरुणाला खिळली. उठली ती जट घेऊनच. मी लहान होते. मला आठवतं ते तिच्या जटेचं वजन. ती खाली बसली की जट मांडीवर घ्यायची, मूल घेतल्यासारखी. कूस बदलायला तिला हातानं जट उचलावी लागायची. जटेखाली खाज सुटली की मला बोलवायची आणि मी तुरीची काडी आत घालून खाजवायचे. बाहेर काढलेल्या काडीला वास यायचा. लोक त्या जटेच्या पाया पडत. तिला कुणी जेवलीस का विचारत नसे. जट घेऊनच ती म्हातारी झाली आणि जट घेऊनच गेली.

आणि आमचं घर कसलं, तर सनगराचं. घोंगडी विणणाऱ्याचं. दिवस उजाडला की घरात लोकर पिंजायची, विंचरायची, सूत काढायचं. मेंढीच्या केसातली गाठ न् गाठ आम्ही सोडवत होतो आणि त्याच घरात एका पोरीच्या डोक्याला महिनाभर कुणी फणी लावली नाही. याचा राग मला तेव्हा आला नाही. लहान पोराला राग कशाचा यावा ते कळत नाही. तो मला त्या सकाळी आला, भिंतीला टेकून बसल्यावर, एवढ्या वर्षांनी.

पण रागानं काही सुटत नाही. मी गोळ्याला हात लावला. बोटांना लगेच ओळख पटली. लोकर होती ती. लोकरीला कढत पाणी, साबण आणि रगडणं ही तीन मिळाली की ती आवळून येते, धागा धाग्याला चिकटतो. घोंगडं चुकून कढत पाण्यात गेलं तर ते आखडतं आणि जाड होतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगायचं. चांगला केस गुळगुळीत असतो, तो एवढ्यानं अडकत नाही. पण औषधानं वैशूच्या केसाची वरची गुळगुळीत साल काढून घेतली होती. उघड्या, खरखरीत केसाची लोकर झाली होती आणि लोकरीचं जे होतं तेच तिचं झालं होतं.

कात्री घेऊन गोळा कापून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. माझा मुलगा कामाच्या पाळीवरून आला तेव्हा तो तेच म्हणाला आणि जेवून झोपला. बाप्यांना सगळं दोन मिनिटांचं वाटतं. गोळा कापला असता तर तो जट म्हणून कापला गेला असता. मग पुढं पोरगी परीक्षेत नापास झाली, सुरेखाचं पोट दुखलं, गल्लीत कुणाची गाडी घसरली, तरी बोट वैशूकडं वळलं असतं. तिनं स्वतःही ते मानलं असतं. मला तो गोळा सोडवायला पाहिजे होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केस न् केस वेगळा झाला तर ते केस होते हे नाकारता येत नाही.

मी सुरेखाला समोर बसवलं आणि सांगितलं, "पुनवंपतोर पोरीचं डोकं माझ्या ताब्यात दे. फणी लावत न्हाय, कात्री लावत न्हाय. नुसती बोटं. सुटलं तर केस. न्हाय सुटलं तर तू म्हणशील तिथं पोरीला घेऊन येते."

 सुरेखा वाईट बाई नाही. पोरीवर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे, आणि भीती जिवातूनच येते. हौसाक्कानं फणी आणि कात्री मना केली होती, बोटांचं नाव घेतलं नव्हतं. सुरेखानं त्या फटीतून हो म्हटलं. पुनव काही फार लांब नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला बसले. दुपारची वेळ, पाठीला ऊन, अंगणात पाट. वैशू खाली, मी मागं खुर्चीत. आधी नुसतं खोबरेल कोमट करून गोळ्याच्या बाहेरून बोटांनी मुरवलं. घासायचं नाही, दाबायचं. मग चिंचोके. घोंगड्याच्या सुताला आम्ही चिंचोक्याची खळ लावायचो, म्हणजे सूत बळकट होतं आणि मागावर सरकतं. चिंचोके भाजून, टरफलं काढून, भिजवून वाटले आणि पातळ शिजवले. थंड झाल्यावर ती बुळबुळीत खळ गोळ्यात थोडी थोडी सोडली. जवस शिजवूनही अशीच बुळबुळीत पेज होते. पण माझ्या हाताला चिंचोक्याची सवय.

मग खालच्या टोकापासून सुरुवात. वरून ओढायला गेलं की गाठ आवळते आणि केस तुटतो. चिमटीत टोकाचे चार केस धरायचे, ते कुठून आत जातात ते बघायचं, आणि ओढायचे नाहीत, बाकीचे त्यांच्यावरून बाजूला सारायचे. औषधानं मारलेला केस ओला असला की शिजलेल्या शेवईसारखा ताणतो आणि तसाच तुटतो. म्हणून खळ लावून अर्धवट सुकू द्यायचं. पहिल्या दिवशी शेंडीएवढी बट मोकळी झाली. माझ्या मांडीवर तुटलेल्या केसांचं पिवळं भुसकट पडून होतं, पोह्यांच्या कोंड्यासारखं. वैशूनं ते बघितलं आणि तिला हुंदका आला. मी तिला सांगितलं की तुटलेत ते मेलेले होते, त्यांचं सुतक धरू नकोस, मान सरळ ठेव.

कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या बाईला मी घरी बोलावून आणलं होतं. ती बाई सरळ होती. गोळ्याला हात लावायला ती धजली नाही, पण तिनं खरं ते सांगितलं. काळ्या मेंदीवर ही पावडर चढवली की असंच पेटतं, म्हणाली. कढत पाणी बंद, गरम हवेचं यंत्र बंद, काही महिने कसलाही रंग नाही. आणि जळालेला केस कुठल्याही तेलानं परत जिवंत होत नाही, नवा येईपर्यंत सांभाळायचा आणि टोकाकडून कापत राहायचा. मला तिचं बोलणं आवडलं. तिनं बाटली विकायला काढली नाही.

दुपारी आम्ही दोघी बसलो की गल्लीतल्या बायका कुंपणापाशी थांबायच्या. काही बोलायच्या नाहीत. एक-दोघी गोळ्याला हात जोडायच्या आणि मग वैशूची मान आणखी खाली जायची. मला त्याचा संताप यायचा. मी तिला बोलतं ठेवायचे. कॉलेजात काय शिकवतात, कोणती पोरगी कुणाशी बोलत नाही, मास्तर कसा चालतो. सुरुवातीला ती हं हं करायची. मग एकदा तिनं मास्तराची नक्कल केली आणि स्वतःच हसली. हसताना तिचं डोकं हललं आणि माझ्या चिमटीतली बट सुटली. मी तिला शिवी दिली. ती आणखी हसली. माझी नात परत आली हे मला त्या हसण्यावरून कळलं, केसांवरून नाही.

निम्मा गोळा सुटला होता तेव्हा मंगळवार आला. मी सकाळी दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले होते. मंगळवार देवीचा वार. हौसाक्का येऊन सुरेखाला सांगून गेली की देवीच्या जटेला म्हातारीची बोटं लागलीत, त्याचं शुद्ध करून घे. सुरेखानं पोरीला मोरीत बसवलं आणि भंडारा कालवलेलं कढत पाणी डोक्यावर घातलं. मनात भक्ती, हातात घाई. वर पंच्यानं चोळून पुसलं.

मी परत आले तेव्हा वैशू पाटावर होती आणि माझे इतके दिवस पाण्यात गेले होते. मोकळ्या झालेल्या बटा परत आत ओढल्या गेल्या होत्या. गोळा आधीपेक्षा घट्ट आणि पिवळाजर्द. वैशू रडत नव्हती. हे जास्त वाईट होतं. ती म्हणाली की आज्जे राहू दे आता, जाऊया डोंगरावर.

मी पिशवी खाली ठेवली. ओरडले नाही. सुरेखाला बोलावलं, तिचा हात धरला आणि तिची बोटं गोळ्यावर ठेवली. सांगितलं, "काल संध्याकाळी तूच बघितलंस किती मोकळं होतं ते. आज कढत पाणी घातलंस आणि आवळलं. देवी कढत पाण्यानं आखडती व्हय?"

तिनं बोटं काढून घेतली नाहीत. ती तशीच चाचपत राहिली. आदल्या संध्याकाळी चहा देताना तिनं त्या बटा बघितल्या होत्या, एक हातात धरूनही बघितली होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की ती ते आठवते आहे. तिची आई लहानपणी वारली, तिला सासरी येईपर्यंत कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, नुसतं भिववलं होतं. मी तिला लोकरीचं सगळं सांगितलं. कढत पाणी, साबण, रगडणं. तानूआत्तीचंही सांगितलं, जे मी या घरात कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. तिनं ऐकलं. मग आत गेली, चिंचोक्याचं पातेलं घेऊन आली आणि वैशूच्या दुसऱ्या बाजूला पाट टाकून बसली. कुठून धरू, एवढंच विचारलं.

त्यानंतर दोन हातांचं काम चार हातांचं झालं. सुरेखाची बोटं तरुण, नजर चांगली. मला न दिसणारा केस तिला दिसायचा. मी सुटलेली बट धरून ठेवायचे, ती पुढची शोधायची. मधेच वैशू म्हणायची की तुम्ही दोघी माझ्या डोक्यावर तांदूळ निवडताय असं वाटतं. उन्हाबरोबर पाट सरकवत आम्ही अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचो. कामवाली भांडी घासून गेली, दूधवाला हाक मारून गेला, आम्ही मान वर केली नाही. त्या दिवसांत आमच्या घरात जेवण उशिरा व्हायचं आणि कुणी तक्रार केली नाही. मुलानं एकदा केली, ती सुरेखानंच मिटवली.

पुनव दोन दिवसांवर आली असताना गोळ्याचं पोट उघडलं आणि आत जांभळं रबर निघालं. केसाला लावायचं, कापडानं मढवलेलं. त्या पहिल्या रात्री रडत रडत वैशूनं ओले केस बांधले होते ते हेच. सगळी जट त्याच्याभोवती बसली होती. सुरेखानं ते दोन बोटांत धरून वर केलं आणि तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून ती इतकी हसली की तिचे डोळे भरले. नेमकी हौसाक्का कुंपणापाशी होती. मी रबर तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, "हौसाक्का, देवीच्या जटंत रबर कसं गं?"

ती म्हणाली, "मला काय ठावं? तुझ्या नातीनंच घातलं आसंल की."

"मग जट बी तिनंच घातली की."

हौसाक्का फणकाऱ्यानं गेली. पण संध्याकाळी तिनं भाकरीबरोबर खायला ठेचा पाठवला. तिच्याकडं माफी मागायची पद्धत नाही, ठेचा पाठवायची आहे.

राहिलेलं वैशूनं स्वतः सोडवलं. मीच तिला आरसा दिला आणि पुढची बट तिच्या हातात ठेवली. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती घाबरली नाही. जीभ दातात धरून, लहानपणी चित्र काढताना बसायची तशी बसली आणि तिनं शेवटचे केस एकेक करून बाजूला केले. मागं मानेवर निम्मे केस उरले होते, आखूड, वेडेवाकडे, हळदीनं पिवळे. ती आरशात बराच वेळ बघत होती. मग म्हणाली की कोंबडीची पिसं उपटल्यासारखी दिसते. दिसतच होती. मी खोटं बोलले नाही. पण ते केस होते. वाऱ्यावर हलत होते.

मला त्या कामाचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लोक म्हणतात म्हातारीनं चमत्कार केला. चमत्कार कसला, बोटं आहेत माझी. माझ्या बापाच्या मागावर ही बोटं तयार झाली. चौथीनंतर शाळा सुटली ती या कामासाठीच. पुढं कित्येक वर्षं मला वाटायचं की त्या शिकण्याचा काही उपयोग झाला नाही, घोंगडी कुणी घेत नाही, माग मोडून गेला. आता तसं वाटत नाही.

पुढचं सगळं साधं, कंटाळवाणं काम होतं. केस सांभाळणं म्हणजे रोज थोडं काहीतरी न करणं. कढत पाणी न घेणं. पंच्यानं न रगडणं. ओल्या केसाला फणी न लावणं. डोकं धुवायच्या आधी खोबरेल लावून ठेवायचं, म्हणजे केस पाणी कमी पितो. धुवायचं ते कोमट पाण्यानं, चमचाभर शिकेकाई भिजवून, आणि ती डोक्याच्या कातडीला, टोकांना नाही. शेवटी चिंचोक्याची पातळ खळ फिरवून पाणी ओतायचं. पुसायला माझं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळ. त्यात केस गुंडाळून नुसते दाबायचे. झोपताना सैल वेणी आणि उशीवर माझ्या जुन्या इरकलीचा रेशमी पदर. दर महिन्याला पार्लरवाली बाई घरी येऊन दोन बोटं टोकं कापायची. मुळातून काळे केस आले तेव्हा वैशूचं डोकं दोन रंगांचं झालं, वर काळं, खाली पाचटाचं. कॉलेजातल्या पोरी चिडवायच्या. ही त्यांना सांगायची की खालचा रंग माझ्या चुकीचा आणि वरचा माझ्या आज्जीचा. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. तिच्यासमोर मी कौतुक केलं नाही, पण मला ते फार आवडलं होतं.

आता गल्लीतल्या पोरी डोकी जाळून माझ्याकडं येतात. कळंब्यातूनच नाही, लांबूनही. एक जयसिंगपूरहून एसटीनं आली होती. हौसाक्काची नात आली तेव्हा मी तिला जास्त वेळ बसवून ठेवलं, एवढी मौज मला माफ असावी. सगळ्यांना मी पहिल्यांदा तेच सांगते जे मला पार्लरवालीनं सांगितलं. मेलेला केस जिवंत होणार नाही. काही पोरींना ते आवडत नाही, त्या उठून जातात. ज्या बसतात त्यांचं मी बघते. वैशू रविवारी घरी असली तर तीच बघते. तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी आहेत, हे मी कबूल करते, तिच्या माघारी.

त्या वर्षी पुनवेची गाडी ठरल्या वेळी निघाली. सुरेखानं गाडीत तीन नावं दिली होती. पहाटे वैशूनं डोक्याला ओढणी न घेता बॅग उचलली आणि ती परीक्षेला कॉलेजात गेली. आम्ही दोघी गाडीत बसलो. बायका उदं उदं करत होत्या, आम्हीही केलं. डोंगरावर गार वारा होता, पायऱ्यांवर हळद पसरली होती, गर्दीत सुरेखा माझा दंड सोडत नव्हती. गाभाऱ्यापुढं आल्यावर मी तिच्याकडं बघितलं. तिला देवीला काय विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं. तिनं काही विचारलं नाही. खणानारळानं ओटी भरली, पाया पडली आणि मला म्हणाली की चला, पोरगी घरी एकटी आहे.

परत आलो तेव्हा वैशूनं भात लावला होता आणि तो खाली लागला होता. तोच खाल्ला.

तो हिवाळा आमच्या घरात तिघींनी काढला. मी, माझी सून सुरेखा आणि माझी नात वैष्णवी. तिघीही आहोत.